चेंडू सुटला होता

मध्यंतरात बाळाला पाजून ती शिट्टी गळ्यात अडकवत मैदानावर धावली, तेव्हाच नणंद डोळा मारून म्हणाली, "वहिनी, सांभाळून घे हं."

"इथे वहिनी नाही. पंच."

"बरं, पंचवहिनी!"

तिने कपाळाला हात लावला. आयत्या वेळी दुसरं कोणी मिळेना, म्हणून नणंदेच्याच बास्केटबॉलच्या सामन्याला तिला उभं केलेलं. दोन्ही संघांनी मान डोलावली होती. पण इतर रविवारी बाळ सांभाळायची ती हीच नणंद. ती रुसली, की शिट्टी खुंटीला.

शेवटच्या क्षणी नणंदेचा संघ एका गुणाने पुढे. समोरच्या लांब वेणीवालीने उडी मारून चेंडू फेकला. नणंद उशिरा पोचली आणि तिच्या पायाखालीच घुसली. वेणीवाली आदळली. चेंडू मात्र जाळीत.

शिट्टी! बास्केट मान्य, वर एक फ्री थ्रो.

"अगं, चेंडू हातातून सुटला होता!" नणंद ओरडली.

"सुटला होता. पण ती हवेतच होती. दोन्ही पाय टेकेपर्यंत फेक संपत नाही."

हेच घरी भाकऱ्या थापता थापता किती वेळा सांगून झालं होतं! पालथ्या घड्यावर पाणी. प्रेक्षकांतून, बाळाला कडेवर घेतलेल्या सासूबाईंनी आवाज लावला, "अगं, नणंदेला तरी ओळख!" सगळे हसले.

सामना गेला. "रविवारी तुझं पोर तू बघ," असं म्हणून नणंद तरातरा निघून गेली.

सासूबाईंकडून बाळाला घेऊन ती बाकावर बसली. बाळाने शिट्टी ओढून तोंडात घातली. घाल बाबा, आता तुझीच. तिने त्याच्या टाळूवर ओठ टेकले आणि पिशवी भरायला घेतली.

थोड्या वेळाने नणंद परत आली. बर्फाची ओली पिशवी हातात, नजर जमिनीवर.

"घोटा टम्म सुजलाय तिचा. मी खाली घुसले नसते, तर नीट उतरली असती."

तिने पिशवी सरकवून बाकावर जागा केली.

"रविवारी किती वाजता?"

"नऊ."

"येते. पण घरी हा विषय काढायचा नाही."

"मी कधी काढते?"

तेवढ्यात सासूबाई मधे आल्या. "ते असू दे. पण मला एक सांगा, चेंडू तर सुटला होता ना?"

"आई!" दोघी एकदमच ओरडल्या, आणि बाळाने दचकून शिट्टी फुंकली.