बरणीत बांधलेला ढग

"मुअल्लिम, लुबान न जाळता ढग येतो का हो?"

हा प्रश्न माझा नव्हता. माझ्या मैत्रिणी रय्या आणि अझ्झा यांनी पैज लावली होती: भर गर्दीत विचारून दाखव, चिप्सच्या दोन पुड्या तुझ्या. पण तोंड माझं होतं, आणि शाळेच्या विज्ञान मेळाव्यात बक्षीस मिळाल्यापासून ते जरा जास्तच सुटलं होतं.

अक्रोडाच्या झाडाखाली सगळं गाव जमलं होतं. गुलाब ऐन भरात. अशात गारांचा एक सपाटा बसला की वर्षभराचं गुलाबपाणी मातीत! म्हणून मुअल्लिम शामिस, म्हणजे मंत्रतंत्र करणारे आमचे गुरुजी, चार दिवस रोज सकाळी ढग बांधत होते. काचेची फुगीर पोटाची बरणी, तळाशी पाटाचं पाणी, आत चिमूटभर लुबानाचा, म्हणजे धुपाचा, धूर, तोंडावर बकरीचं कातडं घट्ट आवळलेलं. ते कातडं तळव्याने आत दाबून धरायचं, बुबुळं फिरवायची आणि गरजायचं, "जबलच्या, या डोंगराच्या ढगा, हजर हो!" मग कातडं झटकन वर खेचायचं. बरणीत पांढराशुभ्र ढग! पुन्हा दाबलं की गायब. "बांधला! आता थेंब पडायचा नाही."

माझा प्रश्न ऐकून मुअल्लिम हसले. "पोरी, लुबान म्हणजे जिनांना निमंत्रण. निमंत्रण न देता तुझ्या लग्नाला तरी कोण येईल?"

सगळे खो खो हसले. माझे बाबासुद्धा. तेच मला लागलं.

कारण बाबांची पिकअप गुलाबपाण्याचे कॅन चढवून तयार होती. दुपारच्या नमाजानंतर बाबा, उम्मी म्हणजे माझी आई, मी आणि माझा दोन वर्षांचा भाऊ मुहन्ना, असे आम्ही खाली निझवा शहरात निघणार होतो, वादीच्या पात्रातल्या रस्त्याने. वादी महिनोन्महिने कोरडी ठणठणीत असते. मग वर डोंगरात कुठेतरी पाऊस कोसळतो आणि खाली ऊन असतानाच पाण्याची भिंत येते. फोनवर हवामान खात्याचा इशारा होता: दुपारपासून डोंगरावर वादळी पाऊस, वाद्या ओलांडू नका. मी सकाळीच बाबांना दाखवला. ते म्हणाले, "मुअल्लिमनी बांधलाय ना!"

मी पाण्याची प्लास्टिकची बाटली उचलली, तळाशी दोन घोट ठेवून बाकीचं ओतलं, बूच लावलं, दाबली, सोडली. काही नाही.

"जिन जेवायला गेलेत वाटतं," रय्याचा भाऊ ओरडला.

"मौझा खाला, धूपदाणी द्या जरा," मी म्हणाले.

खाला आमच्या गावातली सगळ्यात जुनी गुलाबपाणीवाली. तिने भुवया उंचावल्या, पण धूपदाणी दिली. मी बाटलीत थोडासा धूर घेतला, बूच घट्ट केलं, दोन्ही हातांनी बाटली आवळून धरली आणि एकदम सोडली.

ढग! आवळली, गायब. सोडली, पुन्हा ढग!

"अगं, आण इकडे!" खालाने बाटली हिसकावली आणि स्वतः करून पाहिलं. "या अल्ला! मीही मुअल्लिम झाले!"

"तो प्लास्टिकचा ढग आहे," मुअल्लिम पुटपुटले.

"ढग पाण्याचाच आहे," मी म्हणाले. "हवेत न दिसणारी वाफ असते. दाबलेली हवा एकदम सैल झाली की गार पडते, आणि वाफ धुराच्या कणाकणावर थेंब होऊन बसते. पुन्हा दाबली की हवा तापते, थेंबांची वाफ होते. बांधलं काहीच नाही. डोंगरावरही हेच. दुपारी उतार तापतात, हवा वर चढते, पसरते, गार होते, आणि धुळीच्या कणांवर ढग धरतो. म्हणून मुअल्लिम खेळ सकाळी करतात. तेव्हा आभाळ मोकळंच असतं."

खाला कपाळावर हात मारून म्हणाली, "चाळीस वर्षं भट्टीवर वाफेचं पाणी करतेय मी, आणि या माणसाला सलाम ठोकत होते!"

बाबा मात्र चिडले. "चार दिवस पाऊस पडला नाही, ते?"

"चार दिवस खात्यानेही कोरडंच सांगितलं होतं, बाबा."

"तुझं खातं गेल्या वर्षी चुकलं होतं!"

"चुकलं. आणि तसं त्यांनी लिहिलंही. मुअल्लिम कधी 'कदाचित' म्हणालेत?"

मुअल्लिम बरणी कापडात गुंडाळत होते. दुपारची नमाज आटोपून सगळे परत झाडाखाली आले, तेव्हा कुणीतरी वर बोट दाखवलं. माथ्यावर ढगाचा एवढासा गड्डा फुगत होता, कोबीसारखा. बाबांनी तो पाहिला, नजर वळवली आणि गाडीकडे चालू लागले. उम्मी मुहन्नाला कडेवर घेऊन त्यांच्या मागे गेली. मी धावत दोघांच्या पुढे जाऊन गाडीच्या दाराला पाठ लावली.

"जुवैना, बाजूला हो."

"किल्ली शोधू नका, बाबा. तुम्ही नमाजाला गेलात तेव्हाच मी ती काढून घेतली," मी म्हणाले. "उम्मी, बाबा, माझं ठरलंय. आज ही गाडी वादीत उतरणार नाही. किल्ली अंधार पडायच्या आत देईन, तेव्हा हवं तेवढं रागवा. पाऊस नाहीच आला तर हंगामभर पहाटेची फुलं मी एकटी तोडीन. पण तरीही माझं चुकलं असं मी म्हणणार नाही. मुहन्नाला घेऊन निघायचं तर आधी आभाळाकडे बघायचं, बरणीकडे नाही."