तयार बॅरलवरच्या सहा खाचा

शी! दादाचा तो हट्ट आठवला की अजून किळस येते. आणि स्वतःची तर त्याहून जास्त.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. रायफली दुरुस्त करायचं वर्कशॉप त्याचं, मिलिंग मशीन मी चालवते. त्याची मुलगी चिंगी तीनशे मीटरवर नेमबाजी करते. रविवारी निवड चाचणी होती आणि वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची संधी. उभ्यानं मारताना शेवटी शेवटी तिचा हात थरथरायचा. म्हणून दादाच्या डोक्यात खूळ शिरलं, बॅरलला बाहेरून लांब खाचा पाडायच्या.

"पावशेर वजन उतरेल, बॅरल लवकर गार होईल, दिसेलही झकास," तो म्हणाला.

"सगळं खरं. पण खाचा बॅरल पुरी व्हायच्या आधी पाडतात, मग भट्टीत घालून पोलादाचा ताण काढतात. तयार बॅरल आता कापली तर तापल्यावर वाकेल. इथे केसभर, तर तिकडे निशाणावर चार बोटं."

"तू हँडल फिरव. अक्कल मी चालवतो."

उचलली जीभ, लावली टाळ्याला! फिरवलं मी हँडल. दोन दिवस कूलंटच्या आंबट वासात सहा खाचा पाडल्या. दादा येईल त्या गिऱ्हाइकाला बॅरल दाखवत सुटला, तिच्यावरून बोट फिरवत.

वर्कशॉपमागच्या मोकळ्या पट्ट्यात त्यानं पाच गोळ्या मारून बघितल्या. पाचही एकाला एक चिकटून. अरे, पाच गोळ्यांनी बॅरल धड कोमटसुद्धा होत नाही! वीस मारून बघ, एवढंच म्हणायचं होतं मला. पण मूग गिळून बसले. होऊ दे याची फजिती, म्हटलं. याची! जसा काही तोच रायफल खांद्याला लावणार होता.

"आत्या, किती हलकी झाली गं!" म्हणत चिंगी गळ्यात पडली. मी तिला रायफलीची पेटी उचलून दिली.

रविवारी पहिल्या दहा गोळ्या सोन्यासारख्या गेल्या. मग निशाणावरची छिद्रं वर, उजवीकडे सरकायला लागली. तिनं श्वास सावरला, पाय बदलले, नेमाचा स्क्रू फिरवून पाहिला. छिद्रं सरकतच राहिली. सहा जणींची निवड झाली, ती अकरावी आली.

घरी आल्यावर ती स्वयंपाकघरात स्वतःच्या हातांकडे बघत बसली. "आत्या, काम तू केलंयस. खरं सांग, दोष बॅरलचा होता की माझा?"

दादा पाणी पिता पिता थांबला. त्यानं माझ्याकडे बघितलं. कळलं होतं मेल्याला. आता बोलले असते तर तो तोंडावर पडला असता, मला हवा होता तसा. पण चिंगीचा पुढचा प्रश्न मला दिसत होता. तुला ठाऊक होतं, तर आधी का नाही बोललीस?

"बॅरल उत्तम आहे," मी म्हणाले.

दादानं उरलेलं पाणी घटाघटा पिऊन टाकलं.

"वाटलंच मला," चिंगी म्हणाली. "विकून टाका मग ती. चांगल्या हातात तरी जाईल."