आजोबाचं कण्हणं

मोटारींच्या कारखान्यातून भंगारात निघालेले पाच यंत्रहात आणून बाबांनी त्यांचाच वाद्यवृंद उभा केला होता. मोटरची घरघर, ब्रेकची खटखट, सांध्यांची कुरकुर, हेच सूर. तिसरा हात उठताना खर्जात कण्हायचा, म्हणून त्याचं नाव आजोबा. बाबांची सगळ्यात गाजलेली रचना त्या कण्हण्यावरच बेतलेली होती.

बाबा दवाखान्यात होते ते दोन महिने मुलगी सकाळी त्यांच्या उशाशी असे आणि दुपारी शेडमध्ये. ते परततील तेव्हा सगळं सज्ज असावं, म्हणून यंत्रांची पुस्तिका वाचत वाचत तिने पाचही हात पुसले, सांधे उघडून ग्रीस भरलं. बाबा परतले नाहीत.

श्रद्धांजलीच्या प्रयोगाची तालीम प्रयोगाच्याच दिवशी सकाळी होती. आजोबा उठला. आवाज नाही.

"अगं, माइक चालू कर की!" बाबांचे भागीदार काका विंगेतून ओरडले.

"चालूच आहे, काका."

काकांनी जवळ येऊन सांध्यावरून बोट फिरवलं. बोटाकडे बघत राहिले. "यालाही भरलंस?"

"पाचांनाही."

"वा! आजोबाला तरणा करून ठेवलंस की." ते हसायला गेले, जमलं नाही. "वीस वर्षं तुझ्या बापाने इथे फडकंसुद्धा लागू दिलं नाही. बोलला नाही कधी?"

"मी विचारलं नाही."

दुपारपर्यंत दोघांनी सांधा रॉकेलने धुतला. आवाज आला, पण चिरका, कुणा परक्याचा.

"चालेल गं. नाहीतर जुनं रेकॉर्डिंग लावू. लोकांना काय कळतंय?"

"बाबांनी लावलं असतं?"

काकांनी रॉकेलचा डबा बाजूला सारला. तिने सांध्यात पुन्हा ग्रीस भरलं.

संध्याकाळी सभागृह भरलं होतं. आजोबाची पाळी आली. चाळीस सेकंद तो निमूट उठत गेला, पुरता ताठ झाला, तसाच खाली आला. कुणीतरी खोकलं. बाबांसारखीच टेबलाच्या कडेवर बोट टेकवून ती मोजत होती. चाळीस होताच चौथा हात नेमका वाजला.

प्रयोगानंतर एक बाई डोळे पुसत आल्या. "मधली ती शांतता! तुमच्या बाबांनीच रचली होती ना?"

"नाही," ती म्हणाली. "ती मी केली."