मोठ्यानं वाचा

“मोठ्यानं वाचा, साहेब,” बाई म्हणाल्या. “एकानं वाचायचं, दुसऱ्यानं खोडायचं. नियम आहे.”

“अहो, बाहेर रांग लागलीय. द्या तशीच पाठवून!”

दवाखान्याचा नोंदणीचा प्रोग्रॅम सकाळपासून बंद होता. तो असा अडकला की बिघाडाची फाइल दुरुस्ती कंपनीला पाठवावी लागे. अडकल्या क्षणी यंत्राच्या पोटात जे असेल ते सगळं त्या फाइलीत उतरे: रुग्णांची नावं, आजार, फोन नंबर. नोंदणी सांभाळणाऱ्या बाई ते ओळीओळीनं खोडत. मागून सगळे त्यांना खोडरबर म्हणत.

सोळा वर्षांपूर्वी दवाखान्याच्या याच साहेबांनी घाईघाईत एक फाइल तशीच पाठवली होती. कंपनीतल्या कुणीतरी ती वाचली. बाईंच्या धाकट्या बहिणीवर मनाच्या आजाराचे उपचार चालू आहेत, ही बातमी लग्नाच्या आठ दिवस आधी तिच्या होणाऱ्या सासरी पोचली. लग्न मोडलं. धाकटी तेव्हापासून माणसांत आली नाही. जाब विचारायला गेलेल्या बाईंना साहेब म्हणाले होते, “एका ओळीचं काय एवढं घेऊन बसलात?” त्यानंतर बाईंनी भांडून हा नियम करून घेतला होता.

वाचन नेहमी दार लावून चाले. आज बाईंनी ते उघडं ठेवलं होतं. पुढच्या ओळीत काय आहे, हे त्यांनी आधीच पाहिलं होतं.

साहेब वाचता वाचता थांबले. ओळीत त्यांचंच नाव होतं.

“वाचा की.”

“दारू सोडवण्याचे उपचार... तिसरी वेळ.”

“ऐकू नाही आलं.”

त्यांनी पुन्हा वाचलं. दाराबाहेरची कुजबुज थांबली. दोन नर्स एकमेकींकडे बघू लागल्या.

बाईंनी बोट खोडायच्या बटणावर नुसतं टेकवलं. “एका ओळीचं काय घेऊन बसायचं? पाठवू तशीच?”

“बाई, पाया पडतो तुमच्या.”

त्यांच्या कपाळावरचा घाम बाईंनी पोटभर पाहून घेतला. मग ओळ खोडली. “पुढची वाचा.”

संध्याकाळी जेवताना त्यांनी धाकटीला सगळं रंगवून सांगितलं. ती मान खाली घालून ऐकत होती.

“आणि मग?”

“मग काय, खोडली त्याची ओळ. सुटला मेला.”

धाकटी ताटात बोट फिरवत राहिली.

“माझी ओळ नव्हती कुणी खोडली, ताई.”

बाईंचा घास हातातच राहिला.