मामाचं नाव

झॉम्बीच्या सिनेमात जगायचं कसं, हे अक्षता सकाळपासून आईच्या डोक्यात भरवत होती. झॉम्बी म्हणजे मेलेला माणूस, उठून चालणारा, जित्या माणसाला चावणारा. दार लावून कडी घालतो तो वाचतो. माया वाटून दार उघडतो तो मेलाच.

"एवढंच करायचं हाय आई. झॉम्बी दारात आला की तोंडावर दार आपटायचं. बोलायचं न्हाय."

सरुबाईला ते सोपं वाटलं होतं. लेकीचा कॉलेजच्या स्पर्धेसाठीचा सिनेमा, कागलातलं आपलंच घर आणि शेवटचा एवढाच प्रसंग राहिलेला. पण ते झॉम्बी कोण होणार हे कळेपर्यंतच. झॉम्बी होणार होता भाऊसो, तिचा पाठचा भाऊ.

थोरल्या लेकाच्या, संघर्षच्या, लग्नपत्रिकेत मामाचं नाव छापायचं राहिलं, तेव्हापासून भाऊसोनं या घराची पायरी चढली नव्हती. सरुबाईनं हातापाया पडून पाहिलं, पण गडी हटून बसला. बुद्धविहारात वंदनेलासुद्धा बहीणभाऊ दोन टोकांना बसत. भाचीला मात्र त्याला नाही म्हणता आलं नाही. "उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणार न्हाय. काय असंल ते दारातच," अशी अट घालून तो आला होता.

अंगणात अक्षतानं त्याच्या तोंडाला पीठ फासलं, ओठांवरून बिटाचा रस ओघळवला. ध्यान हसण्यासारखंच होतं, पण सरुबाईला हसू येईना. इतक्या वर्षांनी भाऊ दारात येणार आणि आपण त्याच्या तोंडावर दार आपटायचं. नाही आपटलं तर पोरीचा सिनेमा बुडतो. ऊन कललं होतं आणि उसना आणलेला कॅमेरा उद्या परत द्यायचा होता.

"चालू," अक्षता म्हणाली.

भाऊसो पाय ओढत, घशातून घरघर काढत आला. पायरी चढला. सरुबाईनं दाराला हात घातला. त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि त्याचे डोळे पाणावले. पिठाचा कण गेला असेल, असं आपण म्हणू. तिचा हात दारावरून सुटला. कोपऱ्यातला पाण्याचा तांब्या उचलून तिनं त्या मढ्यापुढं धरला.

"उन्हातनं आलायस. पाय धू, आत ये की."

अक्षतानं कपाळाला हात लावला. भाऊसो थबकला, घरघरही थांबली. मग कॅमेरा चालू असल्याचं आठवून त्यानं पुन्हा घरघर सुरू केली, पायांवर पाणी ओतून घेतलं आणि पाय ओढत उंबरा ओलांडून थेट आत जाऊन बसला. अक्षतानं कॅमेरा तसाच चालू ठेवला होता.

"मामा, तुमची अट हुती की," ती जरा वेळानं म्हणाली.

"ती जित्या माणसाची हुती. मेल्याव कसला मानपान?" भाऊसो म्हणाला. "आक्का, च्या टाक."

सरुबाईला इतकं बरं वाटलं की कुठं बघावं ते तिला कळेना. "म्हंजे पिच्चरात मी मेले न्हवं?" तिनं लेकीला विचारलं.

"व्हय. दार उघडलंस की."

"मरू दे," सरुबाई म्हणाली आणि आधण ठेवायला वळली. "पण शेवटाला नावं दावशील, तवा मामाचं पयलं टाक."