खडूच्या रेघेखाली

आमचं तळं दरवर्षी निघून जातं. शरदात जमिनीतल्या भोकांतून वर येतं, उन्हाळ्यात त्याच भोकांतून खाली उतरतं. एकदा मी होडीत डुलकी काढली आणि उठून बघतो तर आजूबाजूला गवत कापणारे, अन् कडेला एक मासा सावलीत बसून माझ्याकडे वेळ विचारतोय. यातलं अर्धं खरं आहे. पुढचं मात्र सगळं खरं आहे, आणि म्हणूनच ते सांगताना मला धाप लागते.

विंको आमच्या गावचा निवृत्त पोस्टमन. तळ्याचं हे येणं-जाणं दोन मिनिटांत दाखवायचं, या वेडानं त्यानं ओसरीच्या खांबाला कॅमेरा बांधला. दिवसाउजेडी दर दहा मिनिटांना एक फोटो, नऊ वर्षं. मी चाळीस वर्षं फोटो धुवायचं दुकान चालवलेलं, त्यामुळे रोज सकाळी दहाला त्याच्याकडे मी कॉफीला आणि सल्ला द्यायला हजर.

कॉफी आणायची मिल्का, त्याची बायको. सुरुवातीला ती ट्रे घेऊन सरळ कॅमेऱ्यासमोरून जायची.

"बाई, तळं दिसू दे की!" विंको ओरडायचा.

"तळं कुठं पळून जातंय?" असं म्हणून तीच हसायची. कारण ते खरंच पळून जायचं.

ती आलेला प्रत्येक फोटो विंकोनं खराब म्हणून पुसून टाकला. मग पडद्यावर चौकट बघून त्यानं ओसरीच्या तिसऱ्या पायरीवर खडूनं रेघ मारली. "याच्या खाली बसलीस की तू चौकटीत नाहीस." मिल्का बसली. रोज दहाला, कॉफीचे दोन पेले, तिचा आणि विंकोचा, घेऊन, तळ्याकडे तोंड करून. पावसानं रेघ पुसली गेली की तीच नव्यानं मारायची.

फेब्रुवारीत मिल्का गेली. घरात तिचे फोटो दोनच: लग्नातला आणि पासपोर्टवरचा. दोन्हींत ती कुणीतरी दुसरीच.

एप्रिलमध्ये विंकोनं मला बोलावलं. जुना संगणक हिवाळ्यात बंद पडला होता. फोटो वाचले, पण जुना प्रोग्राम नव्या संगणकावर चालेना, आणि तो बनवणाऱ्यांनी केव्हाच दुकान आवरलेलं.

"तिचा एखादा तरी पुसायचा राहिला असेल रे," तो म्हणाला. "दोन लाखांत एक. थडग्यावर लावायला पाहिजे."

मी दुसरा प्रोग्राम घातला. त्यानं मूळ फाइली उघडल्या खऱ्या, पण सगळं मळकट, राखाडी. विंको कपाळाला हात लावून बसला.

"माझे रंग कुठं गेले? नऊ वर्षांची मेहनत, गाढवा! काय केलंस?"

"काही गेलं नाही. तू मूळ फोटोला कधी हात लावलाच नव्हतास." मी दुकानातल्या सुरात समजावलं. "प्रत्येक फोटोशेजारी एक छोटी फाइल आहे. उजेड किती वाढवायचा, रंग कुठला, कडा कुठं कापायच्या, हे सगळं त्या चिठ्ठीत. या नव्याला ती चिठ्ठी वाचता येत नाही. म्हणून जसं काढलं तसं दाखवतोय."

तेव्हा मला ते दिसलं. खालच्या कडेला काहीतरी निळं.

टीव्हीच्या आडव्या पडद्यात बसावा म्हणून विंको प्रत्येक फोटोची खालची पट्टी कापायचा. आकाश त्याला सगळं हवं असायचं. जुन्या प्रोग्रामला एकदा सांगून ठेवलेलं, त्यामुळे फोटो संगणकात शिरतानाच कापून यायचे. खडूची रेघही त्यानं त्याच कापलेल्या चौकटीवरून मारलेली. मूळ फोटो त्या रेघेच्या खालीही होता.

आणि तिथं मिल्काचा निळा रुमाल होता.

"पुढं," विंको म्हणाला.

दहाचे फोटो मी एकामागून एक पळवले. तळं भरलं, आटलं, भरलं. निळा रुमाल, लाल रुमाल, लोकरीची टोपी, उघडे केस. केस पांढरे होत गेले. शेवटी केसच नाहीत, पुन्हा रुमाल. सगळ्यांत पाठमोरी.

"एकदा तरी वळ ना गं," विंको पडद्याला म्हणाला.

ती वळली. गेल्या ऑक्टोबरात, एका फोटोत. कपाळ, भुवया, थेट आमच्याकडे बघणारे डोळे. नाकाच्या सुरुवातीला फोटो संपत होता.

"काहीतरी बोलतेय," विंको कुजबुजला. "तू होतास ना तेव्हा? काय म्हणाली?"

या माणसाला मी जन्मभर थापा मारल्या. माशाला मी बोलायला लावलं, पण या बाईच्या तोंडी घालायला एक खोटा शब्द सापडेना. म्हणून खरं तेच सांगितलं.

"म्हणाली, कॉफी गार होतेय. ये ना इथं."

"आणि मी?"

"थांब म्हणालास. उजेड चांगला आहे."

त्यानं माझा हात धरून माउसवर ठेवला.

"जरा खाली घे. ओठ दिसू देत."

"विंको, हा मूळ फोटो आहे."

"थोडंसंच."

"याच्या खाली काही नाही रे."

"घे म्हणतो ना," तो म्हणाला, आणि मी घेत राहिलो. फोटो वर सरकत गेला, आणि खालून नुसता करडा पडदा येत राहिला.