दक्षिणेकडची हवा

शाळेतून निवृत्त झाल्यापासून गुरुदास दर मंगळवारी सकाळी मिठबावच्या सड्यावर, समुद्रालगतच्या कातळाच्या पठारावर, चढत. पुण्याच्या एका संस्थेसाठी पंपाने, नळीतून, काचेच्या बाटलीत समुद्रावरची हवा भरायची, तारीख लिहायची, पेटी पाठवून द्यायची. नियम एकच. भरताना वारा आधी नळीला आणि मग आपल्याला लागेल असं उभं राहायचं आणि श्वास रोखायचा. माणसाच्या एका उच्छ्वासाने नमुना वाया जातो.

कारखाने आणि गाड्या बहुतेक उत्तर गोलार्धात, त्यामुळे इकडे कार्बन डायऑक्साइड जास्त, दक्षिणेत थोडा कमी. पावसाळ्यात वारा विषुववृत्त ओलांडून तिकडची हवा कोकणात आणतो, तेव्हा बाटलीतला आकडा उतरतो. हे त्यांनी आपल्या एकुलत्या एक मुलीला, सृष्टीला, कौतुकाने सांगितलं होतं. ती मालवाहू जहाजावर अधिकारी होती. विषुववृत्त ओलांडलं की तिचा मेसेज यायचाच : ‘बाबांनू, आता मी तुमच्यापेक्षा निवळ हवेत आसंय.’

एप्रिलमध्ये दक्षिण हिंदी महासागरात, वादळात, ती डेकवरून पडली. तीन दिवस शोध चालला. काही मिळालं नाही.

त्यांच्या बायकोला, सावित्रीला, मुलीने बोटीवर जाणं कधीच पसंत नव्हतं. प्रवेशाच्या फॉर्मवर पालक म्हणून सही गुरुदासांची होती. तेराव्यानंतर सावित्री नवऱ्याशी जेवणापुरतं बोलायची, तेही ताटाकडे बघून.

जुलैत संस्थेतल्या रश्मीचा फोन आला. दरवर्षीसारखी ती खुशीत होती. तिला काही माहीत नव्हतं.

“काका, आकडा उतरला! दक्षिणेची हवा पोचली तुमच्याकडे.”

“बरं,” एवढंच गुरुदास म्हणाले.

पुढच्या मंगळवारी ते सड्यावर गेले. वारा समोरून अंगावर येत होता. पंप सुरू केला आणि ते थेट नळीपुढे जाऊन उभे राहिले. “सृष्टी!” त्यांनी हाक मारली. “सृष्टी गो!” घसा बसेपर्यंत मारत राहिले. मग झडप बंद केली, तारीख लिहिली, पेटी पाठवली.

तीन आठवड्यांनी पुन्हा फोन.

“काका, एका बाटलीचा आकडा भलताच आलाय. गळती होती का?”

“नाही. माझा श्वास गेला त्यात. माझी मुलगी वारली, बाई. तिकडे, दक्षिणेत.”

रश्मी हळूच म्हणाली, “मला ठाऊक नव्हतं, काका. तो नमुना आम्ही बाद केला. बाटली रिकामी करून धुतलीसुद्धा.”

“नियमच तसा आहे,” गुरुदास म्हणाले आणि फोन ठेवला.

सावित्री स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. चार महिन्यांत पहिल्यांदा तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

“माका कित्याक नाय नेलात?” ती म्हणाली. “माकाय हाक मारूची हुती.”

आणि ती तिथेच उंबऱ्यावर बसली.